पहिले लग्न आईबापांचे, दुसरे आपले

नवराबायकोच्या प्रेमाचा इतिहास मराठीत बहुतेक वेळा शिकलेल्या घरांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. रमाबाई रानडे यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ 1910 साली प्रसिद्ध झाल्या, पुढे कादंबऱ्या आल्या, सिनेमा आला, मुलामुलींची एकत्र कॉलेजे आली, आणि या पायऱ्या चढत आपण घरच्यांनी ठरवलेल्या लग्नाकडून मनाजोगत्या लग्नाकडे आलो, असा हा हिशेब असतो. त्यात कष्टकरी माणूस सर्वांत शेवटी येतो. वरच्या थरात उजाडले आणि मग त्याच्या झोपडीपर्यंत उजेड पोचला, असे गृहीत धरले जाते. त्याच्याबद्दल दोन समजुती फार जुन्या आहेत. पोटामागे धावणाऱ्याला प्रेमाला सवड कुठली, ही एक. आणि खालच्या लोकांत सगळेच सैल, आज लग्न उद्या मोड, ही दुसरी. वर्धा जिल्ह्यातील शेतमजूर, सालगडी, जिनातल्या बायका आणि गिरणी कामगार यांच्या गेल्या दीडशे वर्षांच्या संसाराकडे पाहिले तर या दोन्ही समजुती टिकत नाहीत. या प्रकरणात मांडायचे आहे ते असे: कष्टकऱ्यांच्या संसारात स्वतःच्या आवडीला जागा होती आणि ती जुनी होती. ती दोन आधारांवर उभी होती. बाईच्या हातात पडणारी तिची स्वतःची मजुरी हा पहिला आधार, आणि संपलेल्या किंवा बिघडलेल्या संसारातून बाहेर पडण्याची समाजाने मान्य केलेली वाट हा दुसरा. हे आधार शाबूत होते तोवर मोकळीक राहिली. ते खचले तिथे शिक्षण, पगार आणि प्रतिष्ठा वाढूनही ती आकसली.

आधी जिल्ह्याकडे पाहू. वर्धा जिल्हा 1862 साली वेगळा झाला आणि 1866 च्या सुमारास पालकवाडी या खेड्याच्या जागी वर्धा शहर वसवले गेले. पुढच्याच वर्षी मुंबईहून निघालेली रेल्वे इथून नागपूरला पोचली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला होता, आणि हिंगणघाटचा कापूस त्याच नावाने परदेशी बाजारात ओळखला जात होता. रेल्वेमागोमाग सरकी काढण्याचे कारखाने, म्हणजे जिन, आणि गाठी बांधण्याचे कारखाने आले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत हिंगणघाट व पुलगाव इथे कापडगिरण्या सुरू झाल्या. मात्र हा कामगार मुंबईच्या कामगारासारखा नव्हता. मुंबईत कोकण-घाटावरून पुरुष एकटे यायचे. 1921 च्या जनगणनेत त्या शहरात हजार पुरुषांमागे जेमतेम सव्वापाचशे बायका होत्या. तिथल्या कामगाराचा संसार मनीऑर्डरवर आणि वर्षाकाठच्या रजेवर चालायचा. वर्ध्यात जिन आणि गिरणी खेड्यांच्या हाकेवर होती, आणि ज्या कापसावर ती चालायची तो कापूस बायकाच वेचत होत्या. इथे नवराबायको दोघेही कामाला जायची, बहुतेक वेळा त्याच शिवारात. सालगड्याचे साल गुढीपाडव्याला ठरायचे, काही रोख आणि काही ज्वारी अशा बोलीवर, आणि अनेक घरी त्या बोलीत त्याच्या बायकोचे शेणगोठ्याचे कामही न बोलता धरलेले असायचे. इथल्या कष्टकऱ्याच्या संसाराचा पाया हाच होता, की दोन जोडी हात असल्याशिवाय चूल पेटत नसे.

या पायामुळे लग्नाचा व्यवहारच वेगळा झाला. उच्चवर्णीय घरांत मुलगी खाणारे तोंड समजली जायची आणि तिच्याबरोबर हुंडा द्यावा लागायचा. कष्टकरी जातींत मुलगी ही कमावती माणूस होती. ती गेली की बापाच्या घरातले वेचणी-निंदणाचे दोन हात कमी व्हायचे, म्हणून मुलाकडून देज, म्हणजे वधूमूल्य, घेतले जाई. गोंडांमध्ये देज द्यायला पैसा नसलेला तरुण सासऱ्याच्या घरी काही वर्षे राबायचा, त्याला लमसेना म्हणत. लग्नाआधी मुलगा आणि मुलगी एका अंगणात, एका शेतात वावरायची, एकमेकांचा स्वभाव पाहायची. इतर अनेक जातींत मामाच्या मुलीशी लग्न चालत असे. नवरी ज्या घरात जायची ते घर तिने लहानपणापासून पाहिलेले असायचे, आणि सासू ही बऱ्याचदा आत्या असायची. इरावती कर्वे यांनी 1953 च्या आपल्या नातेसंबंधांवरील ग्रंथात उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या विवाहपद्धतींचा भेद दाखवला आहे. उत्तरेत मुलगी दूरच्या, अनोळखी गावी दिली जाते आणि दक्षिणेकडे ती ओळखीच्या नात्यात राहते. वऱ्हाड-नागपूरचा पट्टा या दोहोंच्या सीमेवर असला तरी इथल्या कष्टकऱ्यांचा कल ओळखीच्या नात्याकडे होता. अनोळखी घरात जाऊन मुकाट्याने घुसमटणारी सून हे चित्र या थराला पूर्णपणे लागू पडत नाही.

तरीही पहिले लग्न आईबापांचेच होते, यात शंका नाही. ते लहानपणी लागायचे. बालविवाह प्रतिबंधक कायदा 1929 साली झाला, मुलीसाठी 14 आणि मुलासाठी 18 वर्षे ही मर्यादा एप्रिल 1930 पासून लागू व्हायची होती, आणि त्याआधीच्या महिन्यांत देशभर घाईघाईने लहान मुलांची लग्ने उरकली गेली. कष्टकरी जातीही त्यात मागे नव्हत्या. म्हणून या लोकांत सगळे आपल्या मर्जीने व्हायचे, असे म्हणणे खोटे ठरेल. फरक दिसतो तो दुसऱ्या लग्नात. रॉबर्ट व्हेन रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी, वर्धा तेव्हा ज्यात होता त्या मध्य प्रांतातील जातीजमातींवर 1916 साली जे चार खंड काढले, त्यांत कुणबी, तेली, महार, माळी अशा एकेका जातीच्या नोंदीत तीच गोष्ट पुन्हा पुन्हा येते: विधवेला पाट लावण्याची, म्हणजे पुनर्विवाहाची, मुभा आहे, आणि नवराबायकोचे पटले नाही तर पंचांसमोर फारकत होते. रसेलनेच 1906 साली वर्धा जिल्ह्याचे गॅझेटियर तयार केले होते, तेव्हा हा मुलूख त्याच्या चांगल्या परिचयाचा होता. त्याची माहिती अधिकारी आणि जातीतील पुढाऱ्यांकडून आलेली आहे, बायकांना कोणी विचारलेले नाही, ही मर्यादा लक्षात ठेवावी लागते. पण पुढाऱ्यांनी ज्या चालीचा अभिमान बाळगण्याऐवजी संकोच बाळगला, तीच चाल त्यांनी सर्वत्र कबूल केली असेल, तर ती खरोखर रूढ होती असे मानायला हरकत नाही.

पाट लागायचा कसा, हे नीट पाहण्यासारखे आहे. मुहूर्त बहुधा कृष्णपक्षातला, वेळ रात्रीची. वाजंत्री नाही, मांडव नाही, अक्षता टाकायला गाव नाही. पाटावर दोघांना बसवायचे, पदराला पदर बांधायचा, बाईला नवे लुगडे आणि बांगड्या द्यायच्या, जातीच्या पंचांना पानसुपारी द्यायची. सवाष्णी तिथे थांबत नसत, दुसऱ्या दिवशी सकाळी त्या जोडप्याचे तोंड पाहणे अशुभ मानले जाई. मुलगा बिनलग्नाचा असेल तर त्याचे आधी रुईच्या झाडाशी लग्न लावायचे, म्हणजे विधवेशी लागणारे त्याचे दुसरे ठरे. हा सगळा विधी बाईचा मान कमी करणारा आहे, हे उघड आहे. पण त्याच विधीत आणखी एक गोष्ट आहे. पाटावर बसणारी बाई आठ-दहा वर्षांची पोर नव्हती. ती वयात आलेली, एक संसार करून पाहिलेली, कमावती बाई होती. तिला विचारल्याशिवाय पाट लागणे कठीण होते, कारण ती ज्या मजुरीवर जगत होती ती मजुरी तिला उद्याही मिळणार होती. धाकट्या दिराशी पाट लावावा असा घरच्यांचा आग्रह असायचा, पण दुसऱ्या गावच्या, आपल्या ओळखीच्या माणसाचे नाव ती सांगू शकत होती आणि सांगतही होती. या थरातले प्रेम शोधायचे तर ते पहिल्या लग्नाच्या मांडवात शोधून सापडणार नाही, या बिनवाजंत्रीच्या दुसऱ्या लग्नात ते सापडण्याचा संभव अधिक आहे.

यावर पहिला आक्षेप असा येईल की ही मोकळीक नसून निकड होती. नवरा मेला, पोरे लहान, म्हणून बाईने मिळेल त्याचा हात धरला. या आक्षेपात तथ्य आहे. 1896-97 आणि 1899-1900 अशा दोन दुष्काळांनी मध्य प्रांत पिळून काढला. वर्धा जिल्ह्याची लोकसंख्या 1891 साली सुमारे 4 लाख होती, ती 1901 साली सुमारे 3 लाख 85 हजारांवर आली. 1918 च्या इन्फ्लुएन्झाने तर तरण्याताठ्या माणसांनाच उचलले, आणि मध्य प्रांत-वऱ्हाड हा देशातील सर्वाधिक झळ बसलेल्या भागांपैकी एक होता. अशा काळात पाट ही मोडलेली घरे पुन्हा उभी करण्याची व्यवस्था होती, आणि तिच्यामागे भूक होती हे नाकारता येत नाही. पण निकड तर ब्राह्मण विधवेलाही होती. तिची भूक कमी नव्हती, तरीही तिच्यापुढे केशवपन आणि कोपरा एवढेच होते. म्हणजे निकड दोघींची सारखी असताना वाट एकीलाच होती. निवड नेहमी अडचणीतच केली जाते, आणि अडचण आहे म्हणून निवडीचे मोल कमी होत नाही. श्रीमंताने सोयीसाठी केलेल्या लग्नाला आपण निवड म्हणतो आणि गरीब बाईने जगण्यासाठी, पण माणूस पाहून केलेल्या पाटाला नाइलाज म्हणतो, यात माप दोन प्रकारची वापरली जातात.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. देज, पाट, फारकत हे सगळे व्यवहार झाले, त्यात प्रेम कुठे आहे? या लोकांनी पत्रे लिहिली नाहीत, रोजनिशा ठेवल्या नाहीत. त्यांच्या मनाचा पुरावा त्यांच्या वागण्यात आणि गाण्यात शोधावा लागतो. फारकतीचा नियम असा होता की बाई दुसऱ्याकडे गेली तर नव्या नवऱ्याने जुन्याचा लग्नखर्च भरून द्यायचा आणि जातीला दंडाचे जेवण घालायचे. सालगड्याला हा खर्च हलका नव्हता, त्यासाठी पुढच्या सालाची उचल घ्यावी लागायची, म्हणजे एका बाईसाठी माणूस आणखी वर्षभर स्वतःला बांधून घ्यायचा. नवी, कोरी बायको देज देऊन मिळत असताना कोणी हा खर्च आणि बोलणी पत्करत असेल, तर त्याला हिशेब म्हणणे हेच कमी पटण्यासारखे आहे. गाण्यांचाही साक्षीपुरावा आहे. विदर्भात भाद्रपद पौर्णिमेच्या सुमारास भुलाबाई बसते आणि कोजागरीपर्यंत मुली-बाया रोज संध्याकाळी गाणी म्हणतात. शंकर-पार्वतीच्या रूपातल्या त्या जोडप्यात रुसवा आहे, माहेरची ओढ आहे, नवऱ्याने येऊन समजूत काढण्याची अपेक्षा आहे. रुसता येते ते जिथे आपली किंमत आहे असे वाटते तिथेच. ही गाणी एकट्या मजूर बायांची नाहीत, पण त्याही ती गातात, आणि त्यांतल्या नात्याची कल्पना मुकी किंवा सोशिक नाही.

इथे युरोपातील एका जुन्या वादाची मदत होते. फ्रेडरिक एंगेल्स यांनी 1884 च्या कुटुंबसंस्थेवरील ग्रंथात असे मांडले की खरे स्त्री-पुरुषप्रेम कामगारवर्गातच शक्य आहे, कारण वारसा म्हणून ठेवायला त्याच्याकडे मालमत्ताच नाही. एडवर्ड शॉर्टर यांनी 1975 साली जवळपास याच दिशेने, पण भांडवलशाहीचे गुण गात, म्हटले की मजुरीच्या बाजाराने तरुणांना आईबापांपासून मोकळे केले आणि प्रेमविवाह आला. वर्ध्याचा अनुभव एंगेल्सना अर्धी साथ देतो. मालमत्तेचा पाटावर परिणाम होता, हे एकाच जातीत दिसायचे: पाटील-देशमुख म्हणवणाऱ्या घरांत पाट कमीपणाचा, त्याच जातीच्या मजूर घरांत तो रोजचा. 1856 च्या विधवाविवाहाच्या कायद्याने ही गाठ आणखी घट्ट केली. त्याच्या दुसऱ्या कलमानुसार पुनर्विवाह करणारी विधवा पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क गमावते. ज्या जातींत पाट पूर्वीपासून होता, त्यांच्या विधवांनाही हे लागू आहे का, यावर न्यायालयांत वाद झाला. अलाहाबादने नाही म्हटले, तर मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने 1896 साली विठू विरुद्ध गोविंदा या खटल्यात होय म्हटले. वर्धा तेव्हा मध्य प्रांतात असल्याने मुंबईचा निवाडा इथे थेट बांधील नव्हता, पण त्यातून कल कळतो. ज्या कायद्याला आपण विधवांच्या सुटकेचा कायदा म्हणून शिकतो, तो पाट लावणाऱ्या जातींतील जमीनवाल्या विधवेला महाग पडला. जमीन नसलेलीला गमवायचे काहीच नव्हते.

पण एंगेल्सची उरलेली अर्धी बाजू इथे लंगडी पडते, कारण मालमत्ता नसली तरी जात होती. महारवाड्यातला मुलगा आणि गावातली मुलगी दोघेही निष्कांचन असले तरी त्यांच्यात पाट लागणे शक्य नव्हते. पाटाची मोकळीक जातीच्या कुंपणाच्या आतली होती, आणि कुंपण ओलांडणाऱ्याला पंच वाळीत टाकत. या जिल्ह्याने ते कुंपण तोडण्याचे मोठे प्रयत्न पाहिले आहेत. जमनालाल बजाज यांनी 1928 साली वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांना खुले केले, आणि आयुष्याच्या अखेरीस गांधीजी सेवाग्राममध्ये अशाच लग्नांना आशीर्वाद देऊ लागले ज्यांत एक पक्ष हरिजन असेल. हे प्रयत्न मोलाचे होते, पण आश्रमाच्या आधाराने झालेले लग्न आणि दुसऱ्या दिवशी त्याच मालकाच्या शेतात कामाला जावे लागणाऱ्या मजुराचे लग्न यांत अंतर होते. मालकाने काम बंद केले तर त्याला दुसरी चूल नव्हती. शॉर्टरचे म्हणणेही म्हणूनच पुरे पडत नाही. मजुरीच्या बाजाराने आईबापांची पकड सैल केली असेल, पण मजुरी देणारा हात त्याच गावातला, त्याच जातिव्यवस्थेतला असेल तर ती पकड फक्त हात बदलते.

आता मजुरीकडे येऊ, कारण सगळ्या युक्तिवादाचा कणा तिथे आहे. खेड्यात चुकारा आठवडी बाजाराच्या दिवशी व्हायचा, आणि वेचणीचे, निंदणाचे पैसे बाईच्या हातात पडायचे. त्यातून ती तेल, मीठ, मिरची घ्यायची. दर पुरुषापेक्षा कमी असायचा, पण पैसा तिचा होता, आणि नवऱ्याला सोडून माहेरी किंवा दुसऱ्या गावी गेली तरी वेचणी तिला तिथेही मिळत होती. जिनात हंगाम चालला की ओळीने लावलेल्या रेच्यांपुढे, म्हणजे सरकी काढण्याच्या यंत्रांपुढे, बायका बसायच्या, कापूस घालत राहायच्या, कापसाचे तंतू हवेत भरून राहायचे, पोरे तिथेच गोणपाटावर झोपलेली. 1911 च्या कारखाना कायद्याने बायकांना रात्रीचे काम बंद केले, पण सरकी काढण्याच्या कारखान्यांना त्यातून सवलत ठेवली. विदर्भाच्या कापसाला थांबायला वेळ नव्हता, आणि त्याची किंमत संसाराने मोजली. आई रात्री जिनात, बाप शेतावर, तान्हे पोर दोघांच्या मध्ये कुठेतरी. मुंबईच्या गिरणीतल्या बायका कामावर जाताना तान्ह्यांना अफूची बाळागोळी देतात, हे 1920 च्या दशकातील सरकारी चौकशीत नोंदले गेले. मजुरी ही मोकळीकही देत होती आणि आईपण हिरावूनही घेत होती. मध्य प्रांतात प्रसूतिभत्त्याचा कायदा 1930 साली झाला खरा, पण हंगामी जिनात आणि उघड्या शेतात राबणाऱ्या बहुसंख्य बायकांच्या वाट्याला तो आला नाही. बाईची मजुरी म्हणजे सुख, असे इथे म्हणायचे नाही. म्हणायचे ते इतकेच की ती मजुरी नसलेल्या बाईजवळ नाही म्हणण्याची ताकद आणखी कमी होती.

हे समजून घेणारा एक मोठा विचार याच जिल्ह्यातून पुढे आला. 1935 साली गांधीजींनी आग्रह धरला की कातणाऱ्याला आठ तासांच्या कामाला आठ आणे मिळाले पाहिजेत आणि बाई-पुरुष असा भेद राहू नये. अखिल भारतीय चरखा संघाने जीवनवेतनाचे तत्त्व स्वीकारले. प्रत्यक्षात आठ आण्यांपर्यंत दर पोचले नाहीत, खादी महाग होईल म्हणून विरोधही झाला. तरी बाईची कमाई हा नवऱ्याच्या कमाईला लावलेला जोड समजला जाई, ती तिच्या पोटाची कमाई म्हणून मोजली जावी, हा विचार महत्त्वाचा होता. त्याउलट गिरणीच्या गावांत वेगळीच गोष्ट घडत होती. पुरुषाला महिन्याचा पगार मिळू लागला की बायकोने घरी राहणे हे प्रतिष्ठेचे लक्षण बनले. विसाव्या शतकात कापडगिरण्यांतील बायकांचे प्रमाण सगळीकडे घसरत गेले. आणि याच पगारदार, थोडीफार जमीन घेतलेल्या, मुलांना शिकवणाऱ्या घरांत देज जाऊन हुंडा आला. मुलगी कमावती न राहता पोसायची झाली, पगारदार जावयाला भाव आला आणि पाटाची लाज वाटू लागली. 1961 च्या हुंडाबंदी कायद्यालाही हा ओघ थांबवता आला नाही. वरच्या थरातून खाली झिरपल्याचे आपण मानतो त्या गोष्टींत हुंडा आणि विधवेचे एकटेपणही होते, हे आपल्या इतिहासात क्वचित लिहिले जाते.

कोणी म्हणेल, हा जुन्या चालींचा गौरव झाला, आधुनिक कायद्याने बायकांना जे दिले ते कसे विसरता? ते विसरण्याचे कारण नाही. जुलै 1942 मध्ये नागपूरला दलित महिलांची परिषद भरली, सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या. घटस्फोटाचा कायदेशीर हक्क, एकाहून अधिक बायका करण्यास बंदी आणि कामगार बायकांसाठी कामाच्या चांगल्या अटी अशा मागण्या तिथे झाल्या. डॉ. आंबेडकरांनी बायकांना सांगितले की मुलांची लग्ने घाईने करू नका, आणि लग्न झालेल्या मुलीने नवऱ्याची दासी न होता मैत्रीण म्हणून बरोबरीने उभे राहावे. ही मागणी करणाऱ्या बायका फारकतीची चाल असलेल्या समाजातल्या होत्या. तरी त्यांना कायदा हवा होता, कारण पंचांच्या फारकतीत पुरुषाचा शब्द जड होता, पोटगी नव्हती आणि सवतीला अटकाव नव्हता. 1955 च्या हिंदू विवाह कायद्याने घटस्फोट दिला, एकपत्नीत्व आणले, आणि 29 व्या कलमात रूढीने होणारी फारकतही शाबूत ठेवली. 14 ऑक्टोबर 1956 च्या धर्मांतरानंतर विदर्भातील बौद्ध घरांत लग्नाचा खर्च आणि विधी दोन्ही साधे झाले. हे सगळे पुढचे पाऊल आहे. अडचण आली ती वेगळीकडून. कायद्याची वाट कोर्टातून जाते, वकील आणि तारखा मागते, आणि रूढीची फारकत कोर्टात सिद्ध करावी लागते. इकडे प्रतिष्ठेपायी पंचांची वाट बंद होत गेली, तिकडे कोर्टाची वाट मजुराला परवडेना. मधल्या जागेत नवऱ्याने टाकलेली, पण न सोडलेली बाई उभी राहिली. 1988 साली संगमनेरला परित्यक्ता बायकांची परिषद भरवावी लागली, याचे कारण हेच आहे. त्यांच्या आज्यांपैकी अनेकींनी अशा वेळी पंचांपुढे काडी मोडून दुसरे घर केले असते.

गेल्या काही दशकांत हा प्रश्न शेतकऱ्याच्या घरातही आला. विदर्भातील शेतकरी आत्महत्यांच्या सहा जिल्ह्यांत वर्धा होता, 2006 साली पंतप्रधान मनमोहन सिंग याच जिल्ह्यातील वायफडला येऊन गेले. मागे राहिलेल्या विधवांपैकी अनेक तरुण होत्या. सरकारी मदत 1 लाख रुपये, त्यांतले 70 हजार ठेवीत, आणि सातबारा बहुधा सासऱ्याच्या किंवा नवऱ्याच्या नावावर. अशा बाईने दुसरा संसार मांडायचे म्हटले की जमीन, मदत आणि मुले असे तीन प्रश्न एकदम उभे राहतात, आणि गावाची नजर हा चौथा. शेजारच्या मजूर वस्तीत तशीच विधवा अजूनही कमी गाजावाजात कोणाचा तरी हात धरते. जमीन असलेलीपेक्षा जमीन नसलेली या एका बाबतीत मोकळी असावी, ही परिस्थिती कोणालाही भूषणावह नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत नवऱ्यांना बायकांच्या नावावर जमीन करायला लावली, तेव्हा नेमके याच गाठीवर बोट ठेवले होते. सेवाग्रामच्या रुग्णालयाने ज्वारीच्या रूपात विम्याचा हप्ता घेऊन मजूर कुटुंबांना उपचार मिळवून दिले, तेव्हाही हेच दिसले, की व्यवस्था गरिबाच्या हाती जे आहे त्याच्याशी जुळवून घेते तेव्हा ती त्याच्यापर्यंत पोचते. कायद्याने फारकतीच्या बाबतीत हे अजून केलेले नाही.

म्हणून कष्टकऱ्यांच्या प्रेमाचा इतिहास अंधारातून उजेडाकडे जाणाऱ्या सरळ रेषेसारखा लिहिता येत नाही. पाटाच्या काळात बालविवाह होता, जातीचे कुंपण होते, विधवेचा अपमान होता, आणि तरीही तिला नव्याने माणूस निवडून पुन्हा संसार मांडता येत होता. आज बालविवाह कमी झाले, कायदा बाईच्या बाजूचा झाला, मुली शाळेत गेल्या, आणि तरीही हुंड्याने, टाकून देण्याने आणि जातीच्या नावाने होणाऱ्या हिंसेने तिची निवड अडवली जाते. या दोन्ही काळांतून एकच निष्कर्ष निघतो. एखाद्या समाजात प्रेमाला किती जागा आहे हे तिथल्या लग्नाच्या मांडवावरून किंवा प्रेमकथांवरून ठरवू नये. तिथल्या बाईची मजुरी तिच्या हातात पडते का, आणि संसार बिघडला तर तिला मान न गमावता, दिवाळे न काढता बाहेर पडता येते का, हे पाहावे. वर्ध्याच्या शिवारात आजही बायका वेचणीला पुरुषापेक्षा कमी मोबदल्यावर वाकतात. समान मजुरी, तिच्या नावावर घर-जमीन आणि स्वस्त, जवळचा, मानाचा घटस्फोट या मागण्या अर्थकारणाच्या आणि कायद्याच्या म्हणून वेगळ्या कप्प्यांत ठेवल्या जातात. या जिल्ह्याचा दीडशे वर्षांचा अनुभव सांगतो की त्या प्रेमाच्याही मागण्या आहेत, आणि त्या पुऱ्या झाल्या तर पहिले लग्नही माणसाचे स्वतःचे होऊ शकते.